शकुनाची कमाई

एल्विन थॅक्रेनं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कचेरीला फोन केला, आपला अंदाज चुकल्याचं आपणहून सांगितलं, जास्तीचे आलेले पैसे परत करायचं कबूल केलं, आणि त्यामुळे कुणाचंही लग्न मोडलं नाही.

हे वाक्य वाचकांनी कृपया वाचलंच नाही असं समजावं. असं काहीही घडलेलं नाही. एल्विननं फोन केलेला नाही, करायचा विचारही नाही, आणि फोन कुठे ठेवलाय हेही त्याला सध्या आठवत नाही. सध्या तो यॉर्कशरमधल्या स्किप्टन गावात, आपल्या स्वयंपाकघरात बसलाय. समोर टेबलावर चहाच्या दोन किटल्या आहेत आणि दोन्हींची झाकणं नीट बसत नाहीयेत. किटल्यांत चहा नाही. लिफाफे आहेत.

एल्विन धुराडी साफ करतो. त्याचा बाप पर्सी थॅक्रे हेच करायचा. स्वतःचा धंदा, स्वतःची गाडी, स्वतःचे ब्रश. साहेब नाही, नोकर नाही, जेवणाच्या सुट्टीत बोलायला कुणी नाही. पूर्वी गावात घर तिथे धुराडं होतं आणि धुराडं तिथे काजळी होती. मग घरं उबदार ठेवायला घराघरात गॅसवर तापवलेल्या पाण्याची नळी फिरली. धुराडी राहिली, पण ती कबुतरांच्या उपयोगाला. एल्विनची बायको डेनिस, लग्नानंतर काही वर्षांनी, अशा नळ्या बसवणाऱ्या माणसाबरोबर निघून गेली. यावर एल्विन एवढंच म्हणाला होता, की काळाच्या ओघापुढे कुणाचं चालत नाही.

धंदा बुडायचाच, पण नवरीमुलींनी तो तारला.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात नवरीला धुराडेवाला दिसला की संसार सुखाचा होतो, अशी या भागातली जुनी समजूत. दिसला तर चांगलं. त्यानं हात मिळवला तर उत्तम. आणि त्यानं काजळीच्या तोंडानं गालाचा पापा घेतला, तर मग नवऱ्याचा स्वभाव कसाही असो, निभावतं. पूर्वी धुराडेवाला योगायोगानं दिसायचा. आता योगायोग तीन महिने आधी ठरवून ठेवावा लागतो.

तर शनिवारी एल्विन बापाची उंच काळी हॅट घालतो, मागे शेपट्या असलेला काळा कोट चढवतो आणि एक झुपकेदार ब्रश खांद्यावर घेतो, जो आजवर कुठल्याही धुराड्यात गेलेला नाही. धुराड्यातली खरी काजळी फोटोत करडी येते, म्हणून लग्नासाठी त्याच्याकडे वेगळ्या डबीतली काजळी असते. ती नाकावर आणि दोन्ही गालांवर लावून तो दारात उभा राहतो. नवरी येते, हसते, पापा होतो, फोटो होतो. नवरीची आई हळूच हातात लिफाफा सरकवते. मंडळी आत जेवायला जातात. एल्विन घरी जातो. काजळी लागलेल्या माणसाला पांढऱ्या टेबलक्लॉथजवळ बसवण्यात कुणाचंच हित नाही, हे त्यालाही पटतं.

अर्ध्या खोऱ्यातल्या लग्नांच्या अल्बमांत एल्विन आहे. त्याच्या स्वतःच्या घरात त्याचा एकही फोटो नाही. फोटो काढायला दुसरं माणूस लागतं.

पण एल्विनच्या मनात या सगळ्याचं नाव वेगळं होतं. खाटकाकडे सॉसेज घेताना तो म्हणायचा, "या शनिवारी नाही जमायचं. लग्नाला जायचंय."

"कुणाच्या?"

"आपल्या त्या हार्डकासलच्या मुलीच्या."

"ओळखीचे वाटतं?"

"चांगलेच," एल्विन म्हणायचा. मुलीचं पहिलं नाव त्याला कळायचं ते पाद्री उच्चारेल तेव्हा, तेही दार उघडं असेल तर.

आणि लिफाफे? त्याबाबत पर्सी थॅक्रेनं मरण्यापूर्वी स्पष्ट सांगून ठेवलं होतं. "शकुनाचा पैसा मोजायचा नाही. मोजलास की शकुन उडाला. मग ती बिचारी पोरगी आयुष्यभर भोगणार आणि तू जबाबदार." म्हणून लिफाफे यायचे ते थेट किटलीत जायचे. पाहुण्यांसाठी म्हणून डेनिसनं घेतलेली मोठी किटली होती. पाहुणे नव्हते, तेव्हा किटली रिकामीच होती. ती भरल्यावर एल्विननं दुसरी आणली. कोळसा संपला, पेट्रोल संपलं, की तो न बघता आत हात घालायचा आणि हाताला येईल तो लिफाफा घेऊन जायचा.

आता यात सरकार कुठे आलं, असं वाचक विचारतील. सरकार येतंच.

थोडक्या कमाईवर राबणाऱ्या माणसाला तिथलं सरकार टेकू द्यायचं. त्याला टॅक्स क्रेडिट म्हणायचे. पगारदाराचं सोपं असतं, त्याची कमाई त्याचा मालक सांगतो. स्वतःचा धंदा असलेल्याला मात्र आपली कमाई आपणच सांगावी लागते, आणि हिशेब पुरा व्हायच्या आधीच सांगावी लागते. म्हणून जुलैत अंदाज द्यायचा, आणि एकतीस जानेवारीपर्यंत खरा आकडा कळवायचा. अंदाज चुकला असेल तर तिथे दुरुस्त होतो. आणि जो काहीच कळवत नाही, त्याचा अंदाजच खरा धरला जातो.

या शेवटच्या वाक्यात किती सज्जन माणसं बुडाली असतील, याचा अंदाजही कुणी दिलेला नाही.

एल्विननं जुलैत धुराडी मोजून अंदाज दिला होता. अगदी प्रामाणिकपणे. आकडा इतका लहान होता, की सरकारनं हळहळून टेकू दिला. दर महिन्याला बँकेत रक्कम यायची आणि एल्विनचं हिवाळ्याचं भागायचं. किटल्यांचा विचार त्याच्या मनात आला नाही. आपण लग्नाला जाऊन आलो, हे कुणी सरकारला कळवतं का?

मग जानेवारीत टपालानं एक कागद आला.

गावाबाहेर माळावर एक हॉटेल आहे, तिथे लग्नं लागतात, आणि नवरीच्या आईनं द्यायचा लिफाफाही हॉटेलच भरून ठेवतं. त्यांच्या हिशेबनिसानं अत्यंत नम्रपणे लिहिलं होतं, की गेल्या हिशेबी वर्षात आपल्याला वेळोवेळी लिफाफ्यातून दिलेल्या रकमांची बेरीज सोबत आहे, तरी पोच म्हणून सही करून पाठवावी. खाली ओळ होती: सजावट व इतर. फुलांच्या कमानी. पांढरी कबुतरं. चॉकलेटचं कारंजं. धुराडेवाला, एक नग.

बेरीज धुराड्यांच्या कमाईपेक्षा मोठी होती. एल्विननं ती पाहिली. कागदावर होती, डोळे मिटायला वेळ मिळाला नाही. म्हणजे जुलैतला अंदाज चुकलाय, हे त्याला तेव्हाच कळलं. पण त्याला लागलं ते दुसरंच. तो कागद घेऊन बराच वेळ बसून राहिला. कारंज्याच्या नंतर, असं तो एकदा मोठ्यानं म्हणाला. खोलीत दुसरं कुणी नसल्यामुळे या मुद्द्यावर पुढे चर्चा झाली नाही.

ही रक्कम कमाईत धरली, तर हॉटेलचं खरं ठरत होतं. मग तो कुणाच्याच लग्नाला गेलेला नव्हता. इतकी वर्षं, इतके शनिवार, तो नुसता कामाला गेला होता. आणि धरली नाही, तर काहीच करायचं नव्हतं. एकतीस तारीख येणार होती आणि आपसूक जाणार होती. सरकारला किटल्या दिसत नाहीत. नुसतं गप्प बसायचं. गप्प बसण्याचा त्याला दांडगा सराव होता.

त्यानं कागद दुसऱ्या किटलीत कोंबला, म्हणून तिचंही झाकण बसेना. आपण गोष्टीत शिरलो ते इथे.

दुसऱ्या दिवशी ऑर्मरॉडबाईंचं धुराडं होतं.

हिल्डा ऑर्मरॉड चॅपलमागच्या घरात एकट्या राहायच्या. वय चौऱ्याऐंशी. उभं आयुष्य त्यांनी चॅपलमध्ये ऑर्गन वाजवला. गावातली निम्मी लग्नं आणि झाडून सगळी मयतं त्यांच्या हाताखालून गेली होती. एल्विनच्या लग्नातही त्यांनीच वाजवला होता. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि सप्टेंबरात, त्या एल्विनला धुराडं साफ करायला बोलवायच्या.

एल्विननं जाजम अंथरलं, भिंतीतल्या शेगडीच्या तोंडाला फडकं बांधलं, एकाला एक काठ्या जोडत ब्रश वर नेला आणि खाली आणला. फडक्यात मूठभर धूळ आणि कबुतराचं एक पीस पडलं.

"फार साचलं होतं का रे?" बाईंनी खुर्चीतून विचारलं.

"बऱ्यापैकी."

"मला वाटलंच. या वर्षी कोळसा जाळलाही फार."

कोपऱ्यात टेबलक्लॉथ घातलेली एक चौकोनी वस्तू होती. तिची वायर भिंतीतल्या प्लगपर्यंत गेली होती. एल्विन यायच्या आधी बाई दर वेळी ती शेगडीतून उचलून कोपऱ्यात ठेवायच्या आणि झाकायच्या. एल्विन दर वेळी ती न दिसल्यासारखं करायचा. दोघांचंही उत्तम चाललं होतं.

चहा आला. फ्रूटकेक आला, वर चीजचा तुकडा. एल्विननं केकला हात लावला नाही.

"तब्येत बरी नाही का राजा?"

"बरी आहे."

"मग कुणी मेलं का? मला वाजवायला बोलावलं नाही म्हणजे आपल्या चॅपलचं नसणार."

एल्विननं सांगितलं. आधी कबुतरं सांगितली, मग कारंजं, मग नग. अंदाजाचं सगळ्यात शेवटी आणि घाईघाईत सांगितलं, जसा माणूस डॉक्टरला खरं दुखणं दारात पोचल्यावर सांगतो.

"म्हणजे तुला सरकारकडून जास्तीचे पैसे येतायत," बाई म्हणाल्या.

"येत असतील."

"असतील काय? धुराड्यांएवढीच कमाई सांगितलीस, आणि त्याहून जास्त किटलीत आहे. येतायतच."

"ती कमाई नाही, बाई. शकुन आहे. बाबा म्हणायचे, मोजायचा नाही."

"तुझा बाप." बाईंनी कप खाली ठेवला. "तुझ्या लग्नात पर्सी हॅट घालून आला होता?"

"नाही."

"का नाही? मी वर ऑर्गनपाशी बसून बघत होते. सगळ्या चॅपलमध्ये बोलणं झालं होतं, की धुराडेवाल्याच्या पोराच्या लग्नात धुराडेवाला नाही."

एल्विननं आठवून सांगितलं. "म्हणाले, आज मी पाहुणा आहे. आज सुट्टी."

"म्हणजे बाकीच्या लग्नांना?"

एल्विननं उरलेला चहा एका घोटात संपवला.

"बाकीच्या लग्नांना तो कामावर होता, एल्विन. आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं. शकुन मोजायचा नाही हे त्यानं तुला सांगितलं, कारण मोजदाद करायचा त्याला कंटाळा होता. खाटकाचं बिलही तो असंच मोजायचा नाही. खाटकानं मात्र कधी शकुन मानला नाही."

"म्हणून डेनिस गेली असेल," एल्विन म्हणाला. "शकुन नव्हता ना."

"डेनिस गेली, कारण तू तिच्याशी आठवड्यातून तीन वाक्यं बोलायचास आणि त्यातली दोन हवेबद्दल असायची. हॅटचा काय संबंध?"

खिडकीवर पाऊस आडवा येत होता.

"चुकलं असेल," एल्विन शेवटी म्हणाला. "पण मी खोटं बोललो नाही, बाई. अंदाज दिला तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं."

"बरोबर. अंदाज चुकणं हा काही गुन्हा नाही. सरकारलाही ते माहीत आहे, म्हणून तर त्याचं नाव अंदाज ठेवलंय, आणि दुरुस्त करायला जानेवारी दिलाय. जुलैत तू चुकला होतास. आता तुला कळलंय. एकतीस तारखेला तोंड मिटून बसलास तर त्याला चूक म्हणत नाहीत. दुसरा शब्द आहे, आणि तो तुला शोभत नाही. ते पैसे काही राजवाड्यातून येत नाहीत. तो सॉसेजवाला कर भरतो, मी दुकानातनं आणते त्या प्रत्येक वस्तूवर मी भरते. तुला टेकू लागत होता म्हणून दिला. आनंदानं दिला. पण लागत नाही तेवढा धरून ठेवायचा नसतो रे. रांगेत मागे कुणीतरी उभं असतं."

"ते पटतंय."

"मग फोन कर."

"नाही करता येत."

"का?"

एल्विननं हातातला रिकामा कप बशीत दोनदा फिरवला. "फोन केला तर ते विचारणार, हे पैसे कशाचे. मी म्हणणार, कामाचे. मग एवढ्या सगळ्या लग्नांत मला कुणीच बोलावलं नव्हतं, असं होतं, बाई. मी नुसता ठेवलेला होतो. कबुतरांसारखा."

बाई उठल्या. काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि चौकोनी वस्तूवरचा टेबलक्लॉथ त्यांनी ओढून काढला. विजेचा हीटर होता. पुढच्या काचेत प्लास्टिकची लाकडं होती आणि त्यांच्या मागे नारिंगी दिवा.

"या शेगडीत विस्तव पेटवून किती वर्षं झाली, तुला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग काय झाडतोस वर?"

"काही नसतं झाडायला."

"मग येतोस कशाला?"

"तुम्ही बोलावता म्हणून."

"पैसे घेतोस?"

"घेतो."

"मी चाळीस वर्षं लग्नांत ऑर्गन वाजवला. दर वेळी पैसे घेतले, आणि दर वेळी रडले. पैसे घेतले म्हणून ते रडणं भाड्याचं होतं का? आता मला सांग, वर्षातून दोनदा तू इथे येतोस, बसतोस, केक खातोस, आज खाल्ला नाहीस ते सोड, आणि जाताना माझ्याकडून पैसे घेऊन जातोस. मग तू माझ्याकडे आलास, की नाही आलास?"

एल्विननं हीटरकडे पाहिलं. दिवा बंद होता, तरी प्लास्टिकची लाकडं चांगली केली होती.

"आलो," तो म्हणाला.

"झालं तर मग. आणि या धुराड्याचे पैसे मी दिलेत ते कमाईत धर, नाहीतर तेही विसरशील."

आता फोन सापडला. तो आधीपासून गाडीतच होता.

फोनवर आधी संगीत लागलं. मग एका यंत्रानं सांगितलं की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. एल्विननं आभार मानले. बऱ्याच वेळानं खरी बाई आली. तिनं आपलं नाव शॉना सांगितलं. बोलण्यावरून स्कॉटलंडकडची वाटत होती.

"जुलैत दिलेला अंदाज दुरुस्त करायचाय," एल्विन म्हणाला.

"करू या, मिस्टर थॅक्रे. कशामुळे चुकला?"

"लग्नं धरली नव्हती."

"तुमची?"

"लोकांची. माझं एकच झालं, तेही टिकलं नाही."

"लग्नांत तुम्ही फोटो काढता का?"

"नाही. फोटोत असतो."

"जेवण पुरवता?"

"जेवणाच्या आधी जातो."

"मग नेमकं काय करता, सर?"

"दिसतो," एल्विन म्हणाला.

पलीकडे कळफलकाची टकटक थांबली. मग एल्विननं हॅटपासून सगळं सांगितलं. पाप्याचे पैसे वेगळे लावत नाही, तो त्यातच धरलेला असतो, हेही सांगितलं.

"शकुन असा प्रकार माझ्या यादीत नाही," शॉना म्हणाली. "वैयक्तिक सेवा आहे."

"ते नको. गावात चर्चा होईल."

"इतर करमणूक आहे."

"मी फारसा करमणुकीचा नाही."

"सर, दोन्हींचा आकड्यावर काही परिणाम होत नाही. करमणूक घालते. आता खर्च सांगा, तो वजा होईल. कोट, ब्रश, पेट्रोल?"

एल्विननं सांगितलं.

"काजळी?"

"ती माझ्याकडे मुबलक आहे."

शॉनानं आकडे घातले. मग तिनं सरळ, न रागावता सांगितलं. जास्तीचे गेलेत. एकदम द्यायला नकोत. पुढच्या रकमांतून थोडे थोडे कापले जातील. इथून पुढे टेकू बराच कमी होईल. तारखेच्या आत आणि आपणहून सांगितल्यामुळे दंडाचा प्रश्न नाही. आयकराच्या विवरणातही हाच आकडा भरा, म्हणजे दोन्हीकडे एकच दिसेल. आणि पुढच्या जुलैत अंदाज देताना लग्नं धरा. वर्षाच्या मध्येच लग्नं वाढली, तर जानेवारीची वाट न बघता कळवा; म्हणजे असा डोंगर साचत नाही.

"एवढंच?" एल्विननं विचारलं.

"एवढंच. लोकांना वाटतं आम्ही पोलीस पाठवतो." ती थोडं थांबली. "माझ्या लग्नात धुराडेवाला नव्हता."

"मग कसं चाललंय?"

"सर, हा फोन रेकॉर्ड होतोय."

"अच्छा," एल्विन म्हणाला. "म्हणजे तसं."

"आणखी काही मदत करू शकते का?"

"नाही."

फोन आधी ग्राहकानं ठेवायचा, असा तिथे नियम असतो. आणि समोरचं माणूस बोलायचं थांबलं म्हणून लगेच फोन ठेवावा, असं एल्विनला कधी वाटत नसे. त्यामुळे दोघंही काही वेळ काही न बोलता फोनवर राहिले. पलीकडे लांबवर आणखी पुष्कळ माणसं पुष्कळ लोकांना अंदाज विचारत होती.

"ठेवतो," एल्विन म्हणाला.

"ठेवा, सर."

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी लग्न होतं. सीडरहोमांच्या मुलीचं. एल्विननं हॅट घातली, डबीतली काजळी लावली, आणि खिशात पहिल्यांदाच पावतीपुस्तक घेतलं. मोजलेल्या शकुनाचं काय होतं हे बघायची त्याला भीती वाटत होती, म्हणून तो तासभर आधीच जाऊन उभा राहिला. नवरी आली. वाऱ्यानं तिच्या डोक्यावरचा जाळीचा पदर उडून एल्विनच्या नाकाला लागला आणि पांढऱ्या जाळीवर काळा डाग पडला. एल्विननं घाईनं एक पाऊल मागे घेतलं. नवरीनं डाग बघितला, आणि ती इतकी खूष झाली की तिनं फोटोवाल्याला बोलावून त्या डागाचाच वेगळा फोटो काढून घेतला. तिच्या आईनं लिफाफा दिला. एल्विननं पावती फाडून दिली. तिनं ती पर्समध्ये ठेवली. आभाळ कोसळलं नाही. नुसतंच भरून आलेलं होतं, आणि ते तिथे रोजच असतं. मंडळी आत गेली. एल्विन नेहमीसारखा घरी आला.

घरी कुणी नव्हतं. टेकू कमी झाल्यामुळे कोळसा जपून वापरायचा होता, म्हणून घर थंडही होतं. किटल्या मात्र धुऊन पालथ्या घातल्या होत्या. लिफाफे आता बँकेत जात होते. खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं म्हणतात. एल्विनला हलकं वाटलं, पण त्या हलकेपणाचं पुढे काय करायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तो उठला, तोंड धुतलं आणि ऑर्मरॉडबाईंकडे गेला.

बाईंनी दार अर्धंच उघडलं. "सप्टेंबर झाला का?"

"नाही."

"मग ब्रश कुठे आहे?"

"आणला नाही."

"मग पैसे कशाचे देऊ?"

"देऊ नका."

बाईंनी त्याच्याकडे बऱ्याच संशयानं पाहिलं. मग आत घेतलं. हीटर शेगडीत होता आणि चालू होता. झाकायला वेळ मिळाला नव्हता. दोघं त्याच्यासमोर बसले. काय बोलावं हे दोघांनाही सुचेना, कारण आजवर बोलण्याच्या मधे धुराडं असायचं. शेवटी एल्विन हवेबद्दल बोलला. बाई म्हणाल्या, हे एक झालं, आता दुसरं वाक्य बोल.

वाचकहो, आपण सगळेच अंदाजावर जगतो. कमाईचा अंदाज चुकतो, आणि आपण कुणाला हवे आहोत की नको आहोत, हा अंदाज तर त्याहून जास्त चुकतो. चुकण्यात लाज नाही. ज्याचा स्वतःचा धंदा आहे, ज्याच्या हातात कधी पैसा येईल हे त्यालाच ठाऊक नसतं, त्याचा अंदाज तर चुकणारच. लाज आहे ती कळूनही गप्प बसण्यात. आपल्याला मिळालेला टेकू कुणीतरी आपल्या ताटातून काढून दिलेला असतो. तेव्हा चूक कळली की ती वेळेत, आपणहून आणि तोंडानं सांगावी. पलीकडे बहुतेक वेळा एक दमलेलं, बऱ्या स्वभावाचं माणूसच असतं. आणि कामाचा पैसा घेतला म्हणून त्या कामातली माया खोटी ठरत नाही, हेही जमलं तर लक्षात ठेवावं.

एल्विननं पुढच्या सोमवारी कचेरीला एक पत्र पाठवलं. ते असं:

माननीय अधिकारी, टॅक्स क्रेडिट विभाग, यांस.

विषय: दुरुस्त केलेल्या कमाईत आणखी एक दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय, माझा अंदाज मी मुदतीत दुरुस्त केला असून कापून घेण्यात येणारी रक्कम मला मान्य आहे. तथापि संबंधित लग्नांना माझी हजेरी आपल्या दप्तरी केवळ "इतर करमणूक" अशी नोंदलेली आहे. ती "इतर करमणूक, आणि अंशतः निमंत्रित" अशी करण्यात यावी. तसा रकाना नसल्यास तो उघडण्यात यावा. यामुळे रकमेत कोणताही फरक पडत नाही, हे मी तपासले आहे.

पुरावा म्हणून नमूद करतो, की गेल्या शनिवारी नवरीच्या आई श्रीमती सीडरहोम यांनी पावती घेतल्यानंतर मला "थांबा ना थोडं, जेवून जा" असे म्हटले होते. मी गाडी चुकीच्या जागी लावल्याचे सांगून निघून आलो. गाडी योग्य जागी होती. ही चूक माझी आहे. मुदत एकतीस जानेवारीस संपल्याची मला कल्पना आहे. तरी विशेष बाब म्हणून ही दुरुस्ती मुदतीनंतर स्वीकारण्यात यावी, आणि मी त्या दिवशी थांबलो होतो असे धरण्यात यावे, ही विनंती.